मातकट रंगांचे घर: कुठे खुलते, कुठे कोंदट होते?

ओसरी

आमच्या ठाण्याच्या टू बीएचके घराला पावसाळा सरल्यावर नवीन रंग द्यायचा आहे. या वेळी नेहमीच्या मोतिया-बदामीच्या वाटेला न जाता गेरू, विटकरी, पिवळी माती, शेवाळी अशा मातकट रंगांत घर सजवावे, यावर घरात सर्वांचे एकमत झाले आहे. सर्वांचे म्हणजे सासूबाई वगळून. त्यांच्या मते विटकरी रंग घराच्या बाहेरून शोभतो, आतून नव्हे. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार आहे, असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण आमच्याच इमारतीतील एका घरात दिवाणखान्याची एक भिंत विटकरी केलेली आहे आणि ती दुपारी सुरेख दिसत असली, तरी रात्री ट्यूबलाइट लागली की मळकट तपकिरी होऊन बसते.

घराची माहिती अशी. दिवाणखाना साधारण १० बाय १६ फुटांचा असून त्याला उत्तरेकडे एकच खिडकी आहे. मोठी झोपण्याची खोली पश्चिमेला आहे आणि संध्याकाळी तिथे ऊन थेट पलंगापर्यंत येते. जमिनीवर हस्तिदंती रंगाच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत व त्या बदलणे शक्य नाही. टीव्हीचे कपाट सागवानी सनमायकाचे आणि सोफा चॉकलेटी रेक्झिनचा आहे. तोही इतक्यात हलणार नाही. झोपण्याच्या खोलीत बाहेरच्या भिंतीतून पावसाळ्यात ओल झिरपते आणि खिडकीखाली दरवर्षी पोपडे सुटतात.

असे असताना मातीचे रंग कोणत्या खोलीत घ्यावेत, किती घ्यावेत आणि ते रात्री मरू नयेत यासाठी काय करावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. शेडकार्डावरील नावे सांगू नयेत. ती दर दोन वर्षांनी बदलतात.

कवडसा

ओसरीताई, मी अंतर्गत सजावटीचे काम करते. रंगाऱ्याला बोलावण्याआधी घरातील दिवे बदला, एवढेच एका वाक्यात सांगायचे झाले तर सांगेन. तुमच्या शेजाऱ्यांच्या भिंतीचा दोष रंगाचा नसून ट्यूबलाइटचा आहे.

भिंत स्वतःचा रंग निर्माण करत नाही. तिच्यावर पडलेल्या उजेडातील काही भाग ती परत पाठवते. विटकरी, गेरू, पिवळी माती हे रंग प्रामुख्याने तांबड्या आणि पिवळ्या बाजूचा उजेड परतवतात. आपल्याकडे सर्रास लावली जाणारी ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब निळ्या बाजूने झुकलेली असते (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर), त्यामुळे या रंगांना परतवायला मुळात फारसे काही मिळतच नाही. बसण्याच्या आणि झोपण्याच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे दिवे लावा. स्वयंपाकघरात आणि मुलांच्या अभ्यासाच्या जागी ४००० केल्विन ठेवावे. तिथे उगाच पिवळा उजेड करून डोळ्यांना त्रास देण्यात अर्थ नाही.

दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय नावाचा आकडा दिव्याच्या खोक्यावर असतो, तोही पाहून घ्यावा, पण त्यावर पूर्ण विसंबू नये. हा आकडा आठ सौम्य रंगांवरील चाचणीची सरासरी असतो आणि गडद तांबडा रंग त्या आठांत धरलेला नसतो. त्याचे मोजमाप आर-नाइन या नावाने वेगळे दिले जाते. सीआरआय ८० असलेल्या साध्या एलईडी दिव्याचा आर-नाइन शून्याच्या आसपासही असू शकतो, आणि अशा दिव्याखाली विटकरी भिंत, तांब्याचे भांडे आणि माणसाचा चेहरा ही तिन्ही निस्तेज दिसतात. सीआरआय ९० च्या वर आणि आर-नाइन ५० च्या वर असा दिवा थोडा महाग पडतो, पण रंगाच्या एकूण खर्चापुढे तो फरक किरकोळ आहे.

आता खोल्यांकडे वळू. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड वर्षातील बहुतेक काळ आकाशाचा असतो, उन्हाचा नसतो, म्हणून तो थोडा निळसर आणि एकसारखा असतो. तिथे पिवळ्या मातीच्या फिकट छटा चांगल्या वठतात. पश्चिमेच्या खोलीत मात्र संध्याकाळचे ऊन स्वतःच नारिंगी असते. तिथे विटकरी रंग दिलात तर चार वाजल्यापासून भिंत पेटल्यासारखी दिसेल. त्या खोलीसाठी शेवाळी किंवा राखेकडे झुकणारा हिरवा घ्या. तोही मातीचाच रंग आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि मातकट म्हणजे केवळ तपकिरी असे समजून लोक घर अंधारे करून घेतात.

आणखी एक आकडा पाहावा, तो म्हणजे एलआरव्ही. अनेक कंपन्या शेडकार्डावर किंवा संकेतस्थळावर तो देतात. काळ्याला शून्य आणि शुभ्र पांढऱ्याला १०० धरून कोणता रंग किती उजेड परतवतो, हे त्यावरून कळते. नेहमीचे मोतिया रंग ८० च्या आसपास असतात, तर गडद विटकरी साधारण १५ ते २५ मध्ये बसतो. म्हणजे तशी एक भिंत तिच्यावर पडलेला तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक उजेड गिळून टाकते. एकाच खिडकीच्या दिवाणखान्यात अशा किती भिंती परवडतील, याचा हिशेब मग आपोआप होतो.

माळवद

कवडसाताईंचा प्रतिसाद उत्तम आहे. मी मात्र जुन्या घरांकडे बोट दाखवू इच्छितो, कारण आज ज्याला मातीचे रंग म्हणून विकले जाते, ते ज्या घरांतून आले त्या घरांची मांडणी कोणी नीट पाहत नाही.

माझे बालपण मराठवाड्यातील माळवदाच्या घरात गेले. भिंती मातीच्या आणि हातभर जाड, खिडक्या लहान, जमीन सारवलेली. असे घर आतून अंधारे असते आणि ते राहणाऱ्यांना पक्के ठाऊक असते, म्हणूनच भिंतीच्या वरच्या भागाला, कोनाड्यांना आणि देवळ्यांना पांढरी माती किंवा चुना दिला जात असे. गेरू असे तो खाली, जमिनीपासून दोन-तीन फुटांच्या पट्ट्यात. त्याची कारणे अगदी व्यवहारी होती. टेकून बसणाऱ्यांच्या पाठीचे डाग, मुलांच्या हातांचे ठसे, सारवताना उडणारे शिंतोडे, अंगणाच्या बाजूला पावसाचा उडणारा चिखल, हे सर्व खालच्या भागाला लागते आणि गेरूवर ते दिसत नाही. वरचा पांढरा भाग उजेड खोलीत फिरवत राहतो.

आजच्या सदनिकांत नेमके उलट केले जाते. सोफ्यामागची एक संपूर्ण भिंत छतापर्यंत गडद केली जाते आणि उरलेल्या तीन पांढऱ्या ठेवल्या जातात. त्यामुळे तो रंग घराचा न वाटता फलकासारखा टांगलेला वाटतो. त्यापेक्षा चारही भिंतींना खाली साधारण तीन फुटांचा विटकरी किंवा काव (गेरूसारख्या तांबड्या मातीच्या) रंगाचा पट्टा फिरवावा आणि त्यावर चुन्याच्या पांढऱ्याकडे झुकणारा फिकट रंग द्यावा. ओसरीताईंच्या चॉकलेटी सोफ्याची पाठही त्या पट्ट्यात मिसळून जाईल आणि सोफा जितका अवजड दिसतो तितका दिसणार नाही.

शंकासुर

चर्चा चांगली चालली आहे, परंतु कोणीतरी विरुद्ध बाजू मांडणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी सर्वांना राखाडी घर हवे होते, आता सर्वांना मातीचे हवे आहे. मुंबई-ठाण्याच्या सदनिकेत आरसीसीच्या चौकटीवर सिमेंटचा गिलावा, त्यावर लांबी (पुट्टी), त्यावर प्लॅस्टिक इमल्शन, आणि त्याचा रंग तेवढा गेरूचा, यात माती कुठे आहे? गाव सोडून आलेल्यांनी गावाचा रंग डब्यातून विकत आणावा, हे मला तरी चमत्कारिक वाटते. शिवाय ओसरीताईंच्या घरात सागवानी सनमायका आणि चॉकलेटी सोफा आधीच आहे. त्यात विटकरी भिंत, ज्यूटचा गालिचा आणि तपकिरी पडदे आले की पाहुण्यांना कोण कुठे बसले आहे हे शोधावे लागेल.

रंगशाळा

शंकासुरांचा दुसरा मुद्दा मला पटतो, पहिला पटत नाही. मी निवृत्त होईपर्यंत रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम केले, म्हणून पहिल्या मुद्द्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या बाजूने देतो.

गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे हेमाटाइट या खनिजाचा असतो. पिवळ्या मातीतही लोहच असते, परंतु ते गोएथाइटच्या रूपात, म्हणजे रेणूत पाणी धरून बसलेले असते. पिवळी माती भाजली की ते पाणी निघून जाते आणि माती तांबडी होते. इटलीतील सिएना परिसरातील माती भाजून चित्रकार जो तांबूस तपकिरी रंग करत आले, त्यामागे हीच क्रिया आहे आणि आपल्या कुंभाराच्या आव्यात मडके लाल होते तेही लोहामुळेच. आव्यात हवा कोंडून धूर केला की तेच मडके काळे निघते. मातीत मँगनीजचे प्रमाण वाढले की रंग गडद तपकिरीकडे जातो. एकाच लोहापासून पिवळा, तांबडा, तपकिरी आणि काळा मिळत असल्याने हे रंग एकमेकांशेजारी कधी विजोड दिसत नाहीत.

हे रंग उन्हाने उडत नाहीत आणि चुन्याच्या क्षाराने बिघडत नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवरील तांबडा आणि पिवळा मातीचाच आहे. तेथील हिरवाही मातीचा आहे; दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या खनिजापासून तो मिळतो. कवडसाताईंनी शेवाळी रंगाला मातीच्या रंगांत धरले, ते म्हणूनच योग्य आहे. निळा तेवढा दूरदेशाहून आलेल्या लाजवर्दी दगडाचा आहे.

आता डब्यातील रंगाविषयी. विटकरी किंवा पिवळी माती अशा छटेसाठी कारखान्यात जे रंगद्रव्य वापरले जाते, ते बहुतेक वेळा कृत्रिमरीत्या तयार केलेले लोहाचे ऑक्साइडच असते. खाणीतील गेरूपेक्षा ते अधिक शुद्ध आणि एकसारखे असते, पण पदार्थ तोच. म्हणून डब्यात माती नसते, हे म्हणणे रसायनाच्या दृष्टीने टिकत नाही. या रंगद्रव्याचा व्यवहारातील फायदा असा की ते भिंत लवकर झाकते. लख्ख लिंबू-पिवळ्या रंगाला तीन-चार हात मारूनही खालचा रंग डोकावतो, तर पिवळ्या मातीच्या छटेचे दोन हात बहुधा पुरतात.

सुटी भुकटी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. गेरू लोहाचा असतो, परंतु पारंपरिक शेंदूर शिशाचा असतो आणि तो घराच्या भिंतीवर कोणत्याही कारणाने येता कामा नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावे, असा नियम भारतात २०१६ मध्ये अधिसूचित झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख असतो, तो वाचावा. सुटी भुकटी कधी कधी खडूच्या पावडरीला रंग चढवून केलेली असते. ओल्या चुन्यात चमचाभर कालवून काही दिवस उन्हात ठेवली की खरे-खोटे कळते. लोहाचा रंग जसाच्या तसा राहतो.

चिरेबंदी

आमचे घर कुडाळजवळ आहे, जांभ्याच्या चिऱ्यांचे. मातीचा रंग बाहेरून शोभतो आणि आतून नाही, हे ओसरीताईंच्या सासूबाईंचे मत कोकणात कोणी मानणार नाही. आमच्याकडे छपरावर मंगळुरी कौले, भिंतीला चिरा आणि पायाखाली लाल कोबा, एवढा तांबडा रंग असूनही घर कोंदट वाटत नाही, कारण माजघरापासून पडवीपर्यंत आतून गिलावा करून भिंती पांढऱ्या ठेवलेल्या असतात. माळवद यांनी सांगितलेले तत्त्व येथेही तेच आहे. तांबडा रंग खाली किंवा बाहेर आणि पांढरा डोळ्यांच्या उंचीवर.

गोव्यातील आणि सिंधुदुर्गातील जुन्या देवळांत कावीचे जे काम आहे, ते मातीच्या रंगाने घर सजवू इच्छिणाऱ्यांनी एकदा जवळून पाहावे. शिंपल्यांचा चुना, नदीची बारीक वाळू आणि गूळ यांचा मुरवलेला गिलावा भिंतीला देत, तो ओला असतानाच त्यावर कावेचा पातळ थर चढवत आणि लोखंडी कोरणीने तो थर खरवडून खालचा पांढरा उघडा करत. झाडे, मोर, देवता, वेलबुट्टी सर्व त्या दोनच रंगांत असते. तिसऱ्या रंगाची उणीव कुठे जाणवत नाही. हल्ली एकाच भिंतीवर सात छटांचे पट्टे ओढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

लाल कोब्याविषयी अनेक जण विचारतात, म्हणून थोडे लिहितो. सिमेंटमध्ये रेड ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या एकदशांशापेक्षा अधिक घालू नये, नाहीतर पृष्ठभाग कमकुवत होऊन भुकटी सुटते. मोठ्या खोलीत काचेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडले नाहीत, तर भेगा हमखास पडतात. गुरमाळ्याने घोटण्याचे काम सिमेंट ठरावीक आवळले असतानाच करावे लागते, आणि ती वेळ ओळखणारे गवंडी आता मोजकेच राहिले आहेत. नंतर पाणी मारण्यात कसूर केली तर सगळ्यावर पाणी फिरते. एकदा जमलेला कोबा मात्र चालून चालून उजळत जातो.

चिऱ्याची भिंत उघडी ठेवणार असाल, तर चिऱ्यांमधल्या दरजा (सांधे) नीट भरून घ्याव्यात आणि वरून व्हार्निश लावू नये. चिरा सच्छिद्र असतो. व्हार्निशचा पापुद्रा ओल आत कोंडतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पांढरट डाग दिसू लागतात. पाणी झटकणारे, पण पापुद्रा न धरणारे द्रावण मिळते, ते वापरावे.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. खालच्या पट्ट्याची कल्पना सासूबाईंना ऐकवली. त्यांच्या माहेरी भिंती तशाच होत्या, असे त्या म्हणाल्या आणि विरोध बराच मवाळ झाला.

दोन शंका राहिल्या. झोपण्याच्या खोलीत ओल येणाऱ्या भिंतीवर चुन्याचा रंग द्यावा, असे एका परिचितांनी सुचवले आहे. तो इमल्शनच्या घरात चालेल का? आणि शंकासुरांनी सोफ्याविषयी जे लिहिले आहे ते कितीही बोचले तरी खरे आहे. इतका तपकिरी आधीच असताना काय करावे?

रंगशाळा

चुन्याच्या रंगाविषयी हल्ली बरेच रम्य लिहिले जाते, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. चुना वाळत नाही, तो पिकतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन त्याचा पुन्हा चुनखडीचा थर होतो आणि त्यासाठी त्याला भिंतीत शिरावे लागते. तुमच्या भिंतीवर लांबी आणि इमल्शन आहे. त्यावर चुना धरणार नाही. हाताला लागेल आणि काही महिन्यांत गळेल. चुना द्यायचाच असेल, तर जुना रंग आणि लांबी खरवडून गिलाव्यापर्यंत जावे लागेल, भिंत ओली करून घ्यावी लागेल आणि ताकाइतका पातळ चुना तीन-चार हातांत चढवावा लागेल. रंगद्रव्य चुन्याच्या वजनाच्या एकदशांशाच्या आत ठेवावे. ओला असताना तो फार गडद दिसतो आणि पिकल्यावर कितीतरी फिकट होतो, त्यामुळे नमुना पाहिल्याशिवाय छटा ठरवू नये. काम करताना डोळ्यांना चष्मा हवाच, कारण चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

एवढे केल्यावर लाभ असा की चुन्याची भिंत श्वास घेते. आत आलेली ओल बाफ होऊन बाहेर पडते, तर इमल्शनच्या प्लॅस्टिकसारख्या पापुद्र्यामागे ती साचते आणि पोपडे सुटतात. परंतु एक गोष्ट निक्षून सांगतो. तुमच्याकडे ओल बाहेरच्या भिंतीतील भेगांतून येत आहे. ती बाहेरून बंद केल्याखेरीज आतून चुना द्या, माती द्या वा सोन्याचा वर्ख लावा, लोणा (भिंतीवर फुटणारा क्षार) येतच राहील. सोसायटीला पत्र देऊन बाहेरचे काम आधी करून घ्या, भिंत पूर्ण सुकू द्या आणि मगच आतला रंग ठरवा.

उत्तरायण

मी एडिनबरोला राहतो. येथे डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो आणि सूर्य क्षितिजालगतच फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या खोलीत हिवाळाभर ऊन येत नाही. आल्या आल्या आम्ही भारतातील सवयीने भिंतींना शुभ्र पांढरा दिला होता, तो या उजेडात निळसर आणि थंड दिसू लागला. पुढे पिवळ्या मातीची फिकट छटा दिली आणि खोली राहण्याजोगी झाली. ठाण्याचा उजेड वेगळा आहे हे मान्य, पण जून ते सप्टेंबर ढगाळ आभाळात तुमच्या उत्तरेच्या खिडकीत जो उजेड येतो, तो याच जातीचा असतो. नमुना पाहायचा तर पावसाळी दिवशीही पाहावा. दिवाळीच्या सुमारास स्वच्छ उन्हात निवडलेला रंग आषाढात वेगळाच दिसतो.

कवडसा

उत्तरायण यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नमुना थेट भिंतीवर लावण्यापेक्षा दोन फूट बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तयार करावा आणि तो सोफ्यामागे, खिडकीशेजारी, दाराच्या कोपऱ्यात, सकाळी आणि दिवे लागल्यावर ठेवून पाहावा. भिंतीवरच ठिपके लावले तर शेजारचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. इमल्शन वाळल्यावर किंचित गडद होते, हेही ध्यानात ठेवावे.

आता त्या चॉकलेटी सोफ्याविषयी. शंकासुरांनी वर्णन केलेली खोली मी प्रत्यक्षात पाहिली आहे आणि ती भयंकर असते. तपकिरीवर तपकिरी चढवण्याचे कारण नाही. तुमच्या घरात लाकडाचा व चामड्याचा रंग भरपूर आहे, तेव्हा बाकीच्या गोष्टी त्यापासून दूर न्याव्यात. पडदे कोऱ्या मांजरपाटाचे किंवा न रंगवलेल्या खादीचे करा. ते उजेड गाळून आत सोडतात आणि त्यांचा स्वतःचा रंग चुन्याच्या पांढऱ्याला जवळचा असतो. सोफ्यावरच्या उशांना शेवाळी आणि हळदीकडे न झुकणारा मातकट पिवळा द्या. चकचकीत टाइल्स झाकण्यासाठी घोंगडी अंथरा, खरी मेंढीच्या लोकरीची. तिचा करडा-काळा रंग रंगवलेला नसतो, मेंढीचाच असतो, आणि टाइल्सची चकाकी तिच्याइतकी कोणी मोडत नाही. लोकर टोचते अशी घरच्यांची तक्रार येईल, तेव्हा ती बसण्याच्या जागेपासून जरा पुढे, मधल्या मेजाखाली ठेवावी. सोफा स्वतः झाकू नका. एकदा भोवतालचे मोकळे झाले की तो तितका डोळ्यांवर येत नाही.

छताचा रंग विसरू नये. नीळ घातल्यासारख्या निळसर शुभ्र छताखाली कोणतीही मातकट भिंत मळलेली दिसते. भिंतीच्या वरच्या भागाचा जो फिकट रंग असेल, त्याच कुळातील आणखी फिकट पांढरा छताला घ्यावा. भिंतीवर चकाकी नको, कारण मातीच्या रंगाला चकाकी लागली की तो डांबरी दिसतो. मात्र खालच्या पट्ट्याला धुता येईल असा, नाममात्र झळाळी असलेला प्रकार घ्या. शेवटी हात तिथेच लागणार आहेत.

शंकासुर

घोंगडीचा सल्ला मान्य, मांजरपाटाचाही मान्य. स्वयंपाकघराचे काय? तिथेही मातीचा रंग द्या म्हणाल.

कवडसा

स्वयंपाकघरात ओट्यामागे टाइल्सच हव्यात. फोडणीचे शिंतोडे, हळद आणि तेलाची वाफ यांपुढे चुना किंवा मॅट रंग टिकत नाही. मातीचा रंग तिथे आणायचाच असेल, तर तांब्या-पितळेची भांडी, मातीची मडकी आणि चिनीमातीच्या बरण्या उघड्या फळीवर मांडा. त्या धुता येतात, हा त्यांचा भिंतीपेक्षा मोठा गुण आहे.

माळवद

भाड्याच्या घरात राहणारेही हा धागा वाचत असतील. त्यांनी भिंतीला हात न लावता हेच करावे. दिवे, पडदे, घोंगडी, खिडकीला बांबूचा चिक, कोपऱ्यात कुंडी, आणि भिंतीच्या खालच्या बाजूला लाकडी पट्टीवर ताणलेले गेरूच्या रंगाचे जाड कापड. घर सोडताना सगळे गुंडाळून नेता येते.

ओसरी

आमचे ठरले ते असे. दिवाणखान्यात चारही भिंतींना खाली तीन फुटांचा काव रंगाचा पट्टा, वर पिवळ्या मातीचा अगदी फिकट हात आणि छताला त्याच कुळातील पांढरा. ६५०० केल्विनच्या ट्यूब काढून ३००० केल्विनचे दिवे कालच लावले. जुन्याच भिंतींवर इतका फरक पडला की सासूबाईंनी आता रंग कशाला द्यायचा, असे विचारले. झोपण्याच्या खोलीचा रंग तूर्त स्थगित केला आहे. बाहेरच्या भेगांविषयी सोसायटीला पत्र दिले आहे आणि ते काम होऊन भिंत सुकेपर्यंत शेवाळी रंगाचा पुठ्ठा तिथे नुसता टेकवून ठेवला आहे.

एक शेवटची शंका. पट्ट्यासाठी दुकानातील यंत्रावर छटा करून घ्यावी, की रंगारी म्हणतो तसे पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर घालून जागेवर कालवावी? त्याच्या म्हणण्यानुसार खर्च निम्मा होईल.

रंगशाळा

यंत्रावरच करून घ्यावी. स्टेनर हाताने कालवून गडद काव रंग मिळवायचा तर ते इतके घालावे लागते की इमल्शन नीट वाळत नाही आणि पुसताना रंग फडक्याला लागतो. शिवाय तुमचा पट्टा चार भिंतींवर सलग फिरणार आहे. तिसऱ्या भिंतीपाशी डबा संपला आणि पुन्हा कालवावा लागला, तर कोपऱ्यात दोन छटा शेजारी-शेजारी दिसतील. यंत्रावरही पूर्ण पट्ट्याला पुरेल एवढा रंग एकाच वेळी घ्या, डबे वेगवेगळ्या बॅचचे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून मगच ब्रश बुडवा, आणि अर्धा लिटर हवाबंद करून मुलांच्या सायकलींमुळे लागणाऱ्या डागडुजीसाठी ठेवा. डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या पट्टीवर छटेचा क्रमांक आणि रंगद्रव्यांचे प्रमाण छापलेले असते. तिचे छायाचित्र काढून ठेवा, कारण रंग सांडला की सर्वांत आधी तीच पट्टी झाकली जाते.

शंकासुर

पट्ट्याची वरची रेघ पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने समपातळीत आखून घ्या. टाइल्सवरून मोजून आखली तर फरशीचा उतार भिंतीवर चढेल. रंग झाला की छायाचित्र टाका, विटकरी पट्ट्यापुढे सोफा दिसतो की नाही, ते मी सांगेन.